कथुलू आणि त्याची मूर्ती



स्मृतिव्याख्यानासाठी भयकथेतल्या चित्रांचा विषय घेतला, याचं आपल्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. साहित्यात भयकथेची पंगत नेहमी शेवटची, आणि त्या कथेसोबत छापल्या जाणाऱ्या चित्राला तर पंगतीतही जागा नाही. पण चित्रकलेपुढचा एक फार जुना आणि फार अवघड प्रश्न याच उपेक्षित कोपऱ्यात उभा आहे, आणि तिथे तो जितका स्पष्ट दिसतो तितका कलादालनातही दिसत नाही, असं माझं मत आहे. प्रश्न असा : लेखकच जिथे हात टेकतो, ‘हे शब्दांत सांगता येणार नाही’ म्हणतो, तिथे चित्रकाराने काय काढायचं? कथेचा अंक छापायला जायचा आहे, पानावर चौकट रिकामी सोडली आहे, आणि त्या चौकटीत ज्याला रूप नाही त्याचं रूप हवं आहे. काय काढायचं?

या पेचाचा सर्वांत मोठा निर्माता म्हणजे अमेरिकन लेखक हॉवर्ड फिलिप्स लवक्राफ्ट. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात १८९० साली जन्मला, १९३७ साली तिथेच वारला. त्याने भयकथेतली भुतं काढून टाकली. सूड घेणारा आत्मा, शाप, अतृप्त वासना हे सगळं त्याला फार मानवी वाटे. त्याच्या कथांमधलं भय वेगळं, वैश्विक आहे : विश्व अफाट आहे, आपल्या आधी इथे दुसरे कुणी होते, आपल्यानंतरही असतील, आणि त्यांच्या लेखी माणूस ही दखल घेण्याजोगी गोष्टच नाही. ते आपला द्वेषसुद्धा करत नाहीत. अशा सत्तेचा देह कसा असेल? आपले डोळे, आपली भूमिती, आपली रंगांची समज ज्या जगात घडली त्या जगातलाच तो नाही. म्हणून लवक्राफ्ट वारंवार सांगतो की हे सांगता येणार नाही.

खरंच तो सांगत नाही का? इथे नीट थांबून वाचायला हवं, कारण टीकाकारही या ठिकाणी घाईने पुढे जातात. त्याची ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही दीर्घकथा घ्या. १९३१ साली लिहिली, १९३६ साली ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’ या मासिकात क्रमशः आली. अंटार्क्टिकावर गेलेल्या संशोधकांना बर्फाखाली काही प्राचीन देह सापडतात. त्यांचं वर्णन कसं आहे? शवविच्छेदनाच्या अहवालासारखं. एकूण लांबी आठ फूट. पिंपासारखं धड सहा फुटांचं, त्यावर पाच उभ्या कडा, मध्यभागी व्यास साडेतीन फूट, टोकांशी एक फूट. पंख सात फुटांचे, पडद्यासारखे. एखाद्या प्राणिशास्त्रज्ञाने याहून नेमकं काय लिहावं? पण त्याच कथेच्या शेवटी, बर्फाखालच्या बोगद्यात, शॉगॉथ नावाचा एक फसफसता, बुडबुड्यांचा, क्षणात डोळे फुटणारा आणि क्षणात मिटणारा राक्षस माणसांच्या मागे धावत येतो, तेव्हा लेखकाचं मोजमाप संपतं. त्या क्षणी डॅनफर्थ हा तरुण संशोधक काय करतो? बॉस्टन ते केंब्रिज या भुयारी रेल्वेच्या स्थानकांची नावं एकामागून एक घोकू लागतो. पार्क स्ट्रीट, केंडल, सेंट्रल, हार्वर्ड. बोगद्यातून अंगावर येणाऱ्या त्या प्रचंड वस्तूला त्याच्या मेंदूत दुसरी जागाच सापडत नाही. राक्षस कसा दिसला यापेक्षा त्याला पाहणाऱ्याचं भान कसं घसरलं, हे लवक्राफ्ट आपल्याला दाखवतो. म्हणजे एकाच कथेत दोन रीती आहेत : एक मोजमापाची, दुसरी मोजमाप मोडण्याची. आणि दुसरीचा परिणाम पहिलीवर अवलंबून आहे. आधी इतक्या काटेकोरपणे मोजणारा माणूस नंतर मोजू शकत नाही, म्हणून आपण घाबरतो.

आता त्याच्या सर्वांत प्रसिद्ध राक्षसाकडे येऊ. ‘द कॉल ऑफ कथुलू’ ही कथा ‘वीअर्ड टेल्स’च्या फेब्रुवारी १९२८च्या अंकात आली. कथुलू म्हटलं की आज जगभर एकच चित्र डोळ्यांपुढे येतं : ऑक्टोपससारखं डोकं, तोंडाशी वळवळणारे शुंडक, मागे वटवाघळासारखे पंख, मांसल माणसासारखं बसलेलं धड. टी-शर्टवर आहे, खेळण्यांमध्ये आहे, लोकरीच्या विणकामातही आहे. हे वर्णन कथेत कशाचं आहे? सात-आठ इंच उंचीच्या एका मूर्तीचं! चौथऱ्यावर बसलेल्या, कुणीतरी घडवलेल्या मूर्तीचं. खुद्द कथुलू समुद्रातून वर आलेल्या शहराच्या दारातून बाहेर पडतो तेव्हा लेखक म्हणतो की याचं वर्णन होऊ शकत नाही, आणि मग एखादा पर्वत अडखळत चालू लागावा अशा अर्थाचं काही बोलून गप्प होतो. जहाज त्याच्या डोक्यातून आरपार जातं, तो फुटतो, आणि फुटलेलं पुन्हा सांधू लागतं. ज्याचे तुकडे आपोआप जुळतात त्याला बाह्यरेषा कुठून असणार? म्हणजे गेली नव्वद वर्षं जगाने कथुलूची म्हणून जी चित्रं काढली, त्यांतली बहुतेक त्याच्या मूर्तीची आहेत. लवक्राफ्टने स्वतः १९३४ साली रॉबर्ट बार्लो या तरुण मित्रासाठी कथुलूचं एक रेखाटन केलं होतं. त्यातही चौथरा आहे, आणि त्यावर तो उकिडवा बसलेला आहे. लेखकाने स्वतःच्या हाताने काढली तीही मूर्तीच.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माझं आजचं सगळं म्हणणं यावर उभं आहे. वैश्विक भयाच्या चित्रकाराने मूर्ती काढून ती देवाच्या जागी ठेवली की चित्र हरतं. पण त्याने चित्रच काढू नये, हा मुद्दाही मला मान्य नाही. चित्रकलेचं स्वतःचं मोजमाप आहे, म्हणजे रेषा, छाया, यथार्थदर्शन, रंग. ते मोजमाप आधी नीट उभं करायचं आणि मग नेमक्या जागी कागदावरच मोडायचं, हे चित्रकाराला जमतं. काहींना जमलेलंही आहे.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. एडमंड बर्कने १७५७ साली उदात्ताविषयीच्या ग्रंथात म्हटलं की भयाला अंधुकपणा लागतो. शब्द जितके अंधुक राहू शकतात तितकं चित्र राहू शकत नाही. म्हणून चित्रकारांनी काढलेले नरक त्याला भीतिदायक न वाटता हास्यास्पद वाटले. त्याच्याही कितीतरी आधी, ग्रीक चित्रकार टिमँथीझने इफिजिनियाच्या बळीच्या चित्रात सगळ्यांच्या चेहऱ्यांवर शोक रंगवला आणि तिच्या बापाचा चेहरा मात्र वस्त्राने झाकला, अशी हकिकत रोमन लेखक प्लिनीने नोंदवली आहे. तर मग झाकावंच का? झाकणं ही थोर युक्ती आहे, यात शंका नाही. पण टिमँथीझने काहीच काढलं नाही असं थोडंच आहे? त्याने बाकीचे सगळे चेहरे काढले, शोकाच्या पायऱ्या चढवत नेल्या, आणि शेवटच्या पायरीवर वस्त्र टाकलं. नुसता पडदा रंगवला असता तर त्यामागे काय आहे हे कुणी विचारलंही नसतं. आणि बर्कच्या काळी ज्या स्वच्छ तैलचित्रांकडे तो पाहत होता, त्यांच्यापुरतं त्याचं म्हणणं खरं आहे. चित्र अंधुक होऊच शकत नाही, हे मात्र खरं नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात गोयाचं एक चित्र आहे, त्याच्या शेवटच्या काळातल्या काळ्या चित्रांपैकी. खाली तिरपी कड, तिच्यामागून वर आलेलं एका कुत्र्याचं इवलंसं डोकं, आणि बाकी सगळा उंच फलक मातकट पिवळ्या पोकळीचा. कुत्रा वर बघतो आहे. कशाकडे? तिथे काही नाही. त्या पोकळीला जे वजन आहे ते कुठल्याही शिंगांच्या राक्षसाला नाही.

आता छापील मासिकांकडे वळू. लवक्राफ्टच्या हयातीत ‘वीअर्ड टेल्स’ने त्याच्या नावाने छापलेल्या एकाही कथेला मुखपृष्ठ दिलं नाही. मुखपृष्ठावर संकटातल्या सुंदर स्त्रिया खपत, आणि त्याच्या कथांमध्ये त्या नव्हत्या. ‘अस्टाउंडिंग’ने मात्र १९३६ साली दोन मुखपृष्ठं दिली, दोन्ही हॉवर्ड ब्राउनने रंगवलेली. कोणत्या कथांना? अंटार्क्टिकाच्या त्या कथेला, आणि शंकूच्या आकाराच्या प्राण्यांची ‘द शॅडो आउट ऑफ टाइम’ हिला. या दोन्ही कथांमध्ये राक्षसांची मापं दिली आहेत! मुखपृष्ठाला मूर्ती लागते, आणि मूर्तीला मापं लागतात.

आतल्या पानांवर चित्रकार व्हर्जिल फिनले होता. त्याच्याविषयी मनापासून आदराने बोलायला हवं. पल्प मासिकांचा कागद खरखरीत, स्वस्त, शाई पिणारा. राखाडी छटा त्यावर चिखल होऊन उतरायची. फिनलेने छटा सोडून दिल्या आणि टाकाच्या बारीक टोकाने ठिपके मारले, हजारो ठिपके, एकेक करून. कधी पांढऱ्या पुठ्ठ्यावरच्या काळ्या थराला खरडून आतून उजेड काढला. त्या कागदावर इतकी तलम कातडी, इतकं झळाळतं पाणी दुसऱ्या कुणी क्वचितच उतरवलं. लवक्राफ्टलाही त्याच्या चित्रांचं इतकं अप्रूप होतं की त्याने एका चित्रावर कविता लिहिली. तरीसुद्धा मी म्हणेन की फिनलेची ताकद वैश्विक भयाच्या विरुद्ध दिशेला ओढते. प्रत्येक ठिपका जागच्या जागी असला की पाहणाऱ्याला आश्वासन मिळतं : कुणीतरी हे शांतपणे, जवळून, पुष्कळ वेळ निरखलं आहे. आणि ज्याला पुष्कळ वेळ निरखता येतं ते असह्य कसं? फिनलेचे राक्षस सुंदर आहेत. त्यांची भीती वाटत नाही.

रंगाचा मुद्दा मला याहून बोलका वाटतो. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ ही कथा ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये सप्टेंबर १९२७ला आली. आर्कम या काल्पनिक गावाच्या पश्चिमेला एका शेतकऱ्याच्या आवारात उल्का पडते, तिच्यात एक रंग असतो, आणि तो रंग आपल्या वर्णपटात कुठेच नाही. राक्षस असा नाहीच, फक्त रंग. मग फळं टपोरी होतात पण कडू निघतात, झाडं वारा नसताना हलतात, गुरं करडी पडून ठिसूळ होतात, माणसंही. आता सांगा, जो रंग अस्तित्वात नाही तो रंगवायचा कसा? त्या अंकात कथेसोबत जे चित्र आलं ते काळ्या शाईचं होतं, कारण आतल्या पानांना दुसरी शाई परवडतच नव्हती. आणि ती गरिबी कथेच्या कामी आली! चित्रकाराला रंग निवडावाच लागला नाही. वाचकाने काळ्या-पांढऱ्यात तो रंग शोधत राहायचं. पुढे २०१९ साली निकोलस केज असलेला चित्रपट आला तेव्हा पडद्यावर काहीतरी रंग देणं भागच होतं. त्यांनी किरमिजी-गुलाबी निवडला. ही निवड मला विचारपूर्वक वाटते. इंद्रधनुष्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग येतात, पण हा किरमिजी येत नाही. कोणत्याही एका लहरीचा तो रंग नव्हे. डोळ्याला दोन टोकांच्या लहरी एकदम मिळाल्या आणि मधली मिळाली नाही, की मेंदू तो तयार करतो. तरीही सिनेमाभर तो इतका ओसंडतो की तासाभरात डोळा त्याला सरावतो, जसा दिवाळीच्या रोषणाईला सरावतो. त्याआधी २०१० साली हुआन वू या दिग्दर्शकाने याच कथेवर ‘दी फार्बे’ हा जर्मन चित्रपट केला. त्याने सगळा चित्रपट कृष्णधवल ठेवला आणि फक्त त्या परक्या गोष्टीला रंग दिला. म्हणजे काय केलं? आपल्या जगाचं मोजमाप राखाडी ठरवलं, आणि ते एकाच ठिकाणी मोडलं. कोणता रंग हा प्रश्न गौण झाला. ‘रंग’ हेच आक्रमण झालं. ही युक्ती कथेतल्या वाक्यात नव्हती, ती माध्यमातून निघाली, आणि मी म्हणतो तो मार्ग हाच.

या मार्गावर सर्वांत पुढे गेलेला चित्रकार मात्र सिनेमातला नाही, चित्रकथांमधला आहे. अल्बेर्तो ब्रेचिया. मोंतेविदेओत १९१९ला जन्मला, जवळजवळ सगळं आयुष्य अर्जेंटिनात काढलं, १९९३ला वारला. १९७०च्या दशकात त्याने नोर्बेर्तो बुस्काग्लिया या लेखकाच्या साथीने लवक्राफ्टच्या कथांच्या चित्रकथा केल्या. तोवर तो पट्टीचा व्यावसायिक होता. कुठलाही चेहरा, कुठलीही गल्ली त्याच्या कुंचल्याखाली जिवंत होई. या कथांशी भिडताना त्याला आपली नेहमीची हत्यारं अपुरी वाटली. मग त्याने गुळगुळीत पृष्ठावर शाई पसरून तिच्यावर कागद दाबला आणि उचलला. शाईला जे व्हायचं ते झालं. फाटके कागद चिकटवले, पोत घासून उमटवले. पानं उघडली की दिसतं : बंदरातली घरं आहेत, खिडक्या आहेत, कोटाची कॉलर वर केलेला माणूस आहे, हे सगळं ओळखू येतं. आणि शेजारच्या चौकटीत शाईचं असं काही पसरलं आहे, जिथे डोळा तोंड शोधतो, हात शोधतो, क्षणभर त्याला ते सापडल्यासारखं वाटतं आणि निसटतं. ब्रेचियाची भूमिका अशी होती की राक्षसाचं आपलं एकट्याचं रूप वाचकावर लादायचं नाही. प्रत्येकाने आपापलं भय त्या आकारहीनतेत भरावं. याहूनही मोठी गोष्ट मला त्या पानांवर दिसते. तो डाग ब्रेचियाने ‘काढलेला’ नाही. कागद उचलेपर्यंत त्यालाही तो ठाऊक नव्हता. कथेतल्या साक्षीदाराचा हात जसा लिहिता लिहिता थांबतो, तसा चित्रकाराचा हात इथे खरोखर बाजूला होतो. फिनलेच्या ठिपक्यांमागे निरखणारा माणूस होता. या डागामागे कुणीही नाही. भीती तिथून येते.

आता उलट बाजू. कुणी म्हणेल, लवक्राफ्ट स्वतः तर नेमकेपणाचा भोक्ता होता. त्याच्या ‘पिकमन्स मॉडेल’ या १९२७च्या कथेतला चित्रकार इतकी हुबेहूब पिशाच्चं रंगवतो की शेवटी ती प्रत्यक्ष समोर बसवून काढलेली निघतात. भीषणाचंही शरीरशास्त्र असतं आणि खऱ्या कलावंताला ते ठाऊक असतं, असं त्या कथेत बजावून सांगितलं आहे. मान्य. पण पिकमनची पिशाच्चं कुत्र्याच्या तोंडाची, थडगी उकरणारी, माणसाच्या भाऊबंदांतली आहेत. ती अवर्णनीय नाहीतच. त्यांचं भयच मुळी ती आपल्यासारखी असण्याचं आहे. तिथे फिनले हवा. कथुलूपाशी ब्रेचिया हवा. भयाची जात ओळखून हत्यार बदलावं लागतं.

दुसरं कुणी म्हणेल, सर्वांना दिसेल असं ठाम चित्र झालं म्हणूनच तर हा लेखक जगला. १९८१ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळाने त्याला नवी पिढी मिळवून दिली. पुढे राक्षसांची ओळख पटवून देणारी, पक्षिनिरीक्षणाच्या पुस्तकासारखी सचित्र पुस्तिकाही आली. ते प्रेम खरं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. फक्त ज्याची ओळख पटते त्याची भीती उरत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली पाहिजे. लवक्राफ्ट वंशद्वेष्टा होता. न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांविषयी ‘द हॉरर ॲट रेड हुक’मध्ये त्याने जे लिहिलं त्यात राक्षसांसाठी वापरलेली तीच विशेषणं हाडामांसाच्या माणसांना लावली आहेत. कथुलूचे उपासकही त्याने मिश्र वंशाचे, हीन असे रंगवले. इथे चित्रकारावर जबाबदारी येते. राक्षस काढता येत नाही म्हणून अनेकदा भक्तांची गर्दी काढली जाते, आणि मग भीतीचं सगळं ओझं कुणाच्या नाकावर, कुणाच्या ओठांवर, कुणाच्या कातडीवर जाऊन पडतं. ज्याला रूप आहे त्याला अवर्णनीय म्हणणं हा लेखकाचा अपराध होता; चित्रकाराने तो पुन्हा करू नये.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात एव्हाना गीतेचा अकरावा अध्याय आला असेल. असंख्य मुखं, असंख्य नेत्र, आदी नाही, अंत नाही. तरी आपल्या चित्रकारांनी विश्वरूप बिनदिक्कत काढलं, पहाडी लघुचित्रांपासून घराघरातल्या तसबिरींपर्यंत. मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की त्या तसबिरीत मध्यभागी ओळखीचं मुख असतं आणि बाकीची मुखं त्याच्या दोन्ही बाजूंना शिस्तीत लावलेली असतात. ती दर्शनासाठी आहे, आणि दर्शनाला ओळख लागते. अर्जुनाने शेवटी जे सौम्य रूप मागून घेतलं ते चित्रकाराने आधीच मधोमध ठेवलेलं असतं. लवक्राफ्टच्या विश्वात परत मागण्यासाठी असं रूपच नाही.

आपल्या मातीशी या परंपरेचा एक सरळ धागाही जुळलेला आहे. अँब्रोज बिअर्सच्या एका कथेत हस्तर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. ते नाव १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सच्या पुस्तकात आलं, तिथून लवक्राफ्टने उचललं, ऑगस्ट डर्लेथने त्याला कथुलूच्या दैवतमंडळात बसवलं, पुढे स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ कथेत ते मंत्रासारखं उच्चारलं गेलं. ती कथा नारायण धारपांच्या वाटेने मराठीत उतरली, आणि त्या कथेचं ऋण मानणाऱ्या राही अनिल बर्वे यांच्या २०१८च्या ‘तुंबाड’मध्ये हस्तर देवीच्या गर्भात येऊन बसला. शंभरहून अधिक वर्षं हे मुख्यतः एक नाव होतं. त्याला अंगोपांगं द्यायची वेळ खऱ्या अर्थाने कॅमेऱ्यावर आली. बर्वे यांच्या चित्रपटात तो लाल, सरपटणारा, पिठाच्या बाहुलीवर तुटून पडणारा आहे, आणि त्याचं तोंड आपल्याला दिसतं. उत्तम केलेलं तोंड आहे, पण पुन्हा पुन्हा पाहिल्यावर ते केलेलं आहे हे कळतं. त्याच चित्रपटातला गर्भ मात्र कितीही वेळा पाहिला तरी तसा कळत नाही. विहिरीतून दोर सोडून खाली उतरायचं, आणि खालच्या भिंती मऊ, ओल्या, मांसाच्या. ती खोली आहे की शरीर? आपण जागेत उभे आहोत की कुणाच्या आत? देवीचा चेहरा तिथे कुठेही दाखवलेला नाही, कारण तिच्या आत उभं राहून तो दिसणारच नाही. वर वाड्यात वर्षानुवर्षं न मेलेल्या आजीच्या अंगातून झाड उगवलं आहे, आणि झाड कुठे संपतं नि आजी कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. हस्तरसाठी चित्रपटाने मूर्ती घडवली. गर्भासाठी आणि आजीसाठी त्याने सीमारेषा पुसली. मराठी, हिंदी किंवा कोणत्याही भाषेतल्या भयकथेला चित्र देऊ पाहणाऱ्या तरुण चित्रकारांनी हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, आणि हस्तरचं तोंड अधिक भयंकर कसं करता येईल याआधी गर्भाच्या भिंतीला कड का नाही, याचा अभ्यास करावा.